नळाचा फाटा

2023 सालच्या दिवाळीत काळम्मावाडीचे पाणी पन्नासाहून अधिक किलोमीटर नळातून पुईखडीवर आले, तेव्हा आमच्या कोल्हापुरात फराळाच्या ताटापुढे दुसरा विषय नव्हता. कोणी नळाची लांबी सांगे, कोणी खर्च. मला मात्र कुतूहल फाट्यांचे. एवढ्या लांब नळाला हवा सोडायला, गाळ काढायला जागोजाग भोके पाडावीच लागतात. आणि धडधाकट नळाला भोक पाडणे ही साधी गोष्ट नव्हे, हे मला एका जुन्या विद्यार्थ्याने शिकवले आहे.

हा गडी माझ्या तासाला खिडकीबाहेर पाहत बसे. आज शिवाजी उद्यमनगरात त्याचे वेल्डिंगचे लहानसे शेड आहे, हाताखाली पाच माणसे. शाळा सुटली की मी कधीमधी तिथे जाऊन बसतो. (कादंबरी लिहिणाऱ्याला घरात निवांत जागा मिळतेच असे नाही.)

"सर, सदऱ्याचं काज बघा की," तो एकदा म्हणाला, "कापड कापलं की भोवतीनं दोरा घालायलाच लागतोय. न्हाईतर फाटतच जातंय."

आतल्या दाबाने नळाचा पत्रा चहूकडून ताणलेला असतो. भोक पाडले की तेवढा पत्रा ताण पेलायचा थांबतो. त्याचा वाटा भोकाच्या कडांवर येतो. म्हणून जेवढे लोखंड कापले, तेवढे भोवतालीच परत द्यायचे. पत्रा मुळातच गरजेपेक्षा जाड असला, तर फाट्याची नळी नुसती जोडून भागते. नाही तर भोकाभोवती पत्र्याचे कडे बसवायचे. त्याला ही मंडळी पॅड म्हणतात. फाटा लहान आणि दाब जबर असेल, तर बुडाशी जाड घडवलेले ओलेट घ्यावे. ते आपली भरपाई आपल्याबरोबरच घेऊन येते. फाटा मूळ नळाएवढाच असेल, तर सरळ टी. तिला नळ कापून तीन सांधे करावे लागतात, पण सांध्यांचे क्ष-किरणांनी छायाचित्र नीट घेता येते. जिथे सतत थरथर आहे, तिथे मात्र पॅडवर त्याचा जीव नाही.

पॅडला एक बारीक भोक ठेवतात, याची मला फार मौज वाटते. जोडताना कोंडलेली हवा त्यातून निघते, आणि पुढे आतला सांधा गळू लागला तर पहिली चाहूल तिथेच लागते.

गेल्या दिवाळीआधी त्याच्याकडे दाबाच्या हवेच्या टाकीचे काम आले. पाचही जणांचा बोनस त्या टाकीवर होता. फाट्याचे भोक दीडशे मिलिमीटरचे. खडूने त्याने फरशीवर हिशेब मांडला, आणि मला म्हणाला, "सर, तेवढं तपासा." दाबासाठी सहा मिलिमीटर जाडी हवी, म्हणजे कापलेली भरपाई नऊशे चौरस मिलिमीटर. पत्रा आठचा, वरच्या दोनातून तीनशे सुटले. उरलेल्या सहाशेंसाठी आठ मिलिमीटरचे पॅड, दोन्ही अंगांना चाळीस चाळीस. नळीची जाडी त्याने हिशेबात धरलीच नव्हती. मी गणिताचा मास्तर नव्हे, पण बेरीज बरोबर होती.

गिऱ्हाईक म्हणाले, "पॅड कशाला? पाणी भरून दीडपट दाबाला तपासा, टिकली की झालं!"

"पाण्याला टिकंल हो. पाणी दबत न्हाई, फुटलं तर नुसतं सांडतंय. हवा दबून बसलेली असतीया. आन् ती रोज भरणार, रोज सुटणार. पाच वर्षांनी टाकीजवळ कोण उभा आसंल?"

गिऱ्हाइकाने नकाशाची गुंडाळी केली आणि दुसऱ्या शेडकडे गेले. हा बराच वेळ फरशीवरचा खडू पायाने पुसत राहिला.

धनत्रयोदशीला मी गेलो, तेव्हा खिडक्यांच्या जाळ्यांचे किरकोळ काम चालू होते. तिघांचा बोनस झाला होता. दोघांना भाऊबीजेनंतरचा वायदा. आधीच कापून ठेवलेले पॅडचे कडे बाकावर पडले होते, आणि पोराने त्यावर चहाची किटली ठेवली होती.