रिमेकमध्ये जात कुठे जाते?

चिखलीच्या बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर आम्ही पाच-सहा जण रोज संध्याकाळी बसतो. सोयाबीनच्या भावापासून निवडणुकीपर्यंत सगळं तिथे निघतं. परवा विषय निघाला रिमेकचा. ‘धडक २’ मोबाईलवर पाहून आलेला एकजण म्हणाला, "पहिल्यापेक्षा लय बरा आहे बाप्पा." दुसऱ्याने लगेच विचारलं, "काऊन? अन् मूळ तमिळ पाहिला का तू?" तिथून जे सुरू झालं ते टपरीवाल्याने स्टोव्ह विझवेपर्यंत चाललं.

सिनेमाची आवड असलेले लोक रिमेकवर भांडतात तेव्हा बहुतेक वेळा नट कसा, गाणी कशी, मूळची सर आली का, एवढंच भांडतात. आम्हाला त्याच्या पुढचं विचारायचं आहे. कथा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना सामानातलं नेमकं काय मागे राहतं?

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला. त्याच्या बरोबर दोन वर्षं आणि एक दिवस आधी, २८ एप्रिल २०१४ ला, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या आपल्या पोराला मारून टाकलं होतं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढाच संशय. त्याआधी २०१३ च्या पहिल्याच दिवशी सोनई झालं होतं. म्हणजे नागराज मंजुळेने शेवटची पाच मिनिटं कल्पनेतून काढली नव्हती, वर्तमानपत्रातून उचलून पडद्यावर ठेवली होती. ‘झिंगाट’ला खुर्च्यांवर चढून नाचलेलं थिएटर त्या शेवटाला कसं गप्प झालं, ते आम्ही पाहिलं आहे. आम्हीही नाचलो होतो. आम्हीही गप्प झालो होतो.

नोव्हेंबर २०१७ मध्ये खर्ड्याच्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार उलटले होते. आणि जुलै २०१८ मध्ये ‘धडक’ आला.

‘धडक’मध्ये करमाळ्याचं उदयपूर झालं. पाटलाच्या वाड्याची हवेली झाली. अजय-अतुलचं संगीत तेच राहिलं, ‘झिंगाट’ हिंदीत आलं. जात मात्र एखाद-दुसऱ्या वाक्यापुरती उरली. घाईने चहा घेत पाहिला तर वाटावं, हे श्रीमंत-गरिबाचं भांडण आहे. लोखंडे सर कविता शिकवत असताना प्रिन्सने मारलेली ती थप्पड घ्या. शिक्षक झाला, पगार आला, तरी पाटलाच्या पोराचा हात उठतो, हे दोन मिनिटांत सांगणारा तो प्रसंग. त्याचं वजन हिंदीत कुठेच सापडत नाही. थप्पड कोणालाही मारता येते, पण ती कोणी कोणाला मारली हे सांगायला जात लागते.

आमच्यातला एकजण म्हणाला, बॅनरच तसं आहे, धर्मा प्रॉडक्शन्सकडून काय अपेक्षा? त्यांच्या घरात रायचंद राहतात, कांबळे नाही. पटण्यासारखं आहे, पण तेवढं सोपं नाही. ‘सैराट’च्या मागे झी स्टुडिओज होतं आणि ‘धडक’च्या मागेही झी होतंच. म्हणजे तेच दुकान मराठी गिऱ्हाईकाला जात दाखवतं आणि हिंदी गिऱ्हाईकापुढे झाकून ठेवतं. मग कंपनीच्या खानदानाचा हिशेब मांडून काय उपयोग? गल्ल्यावर बसलेल्याचा अंदाज काय आहे ते पाहा: वरच्या जातीच्या प्रेक्षकाला दुखवू नका, तिकीट कमी खपेल. ‘सैराट’ने तोवरच्या मराठी सिनेमात सर्वात जास्त पैसा मिळवला, तरी हा अंदाज बदलला नाही!

इतिहास काढला तर हे जुनंच आहे. १९३५ मध्ये प्रभातने एकनाथांवर चित्रपट काढला, अस्पृश्याच्या घरी जेवणारा संत दाखवला. त्याचं नाव ‘महात्मा’ होतं. सेन्सॉरने ते चालू दिलं नाही, ‘धर्मात्मा’ करावं लागलं. १९३६ मध्ये बॉम्बे टॉकीजने ‘अछूत कन्या’ आणला. ब्राह्मण मुलगा, अस्पृश्य मुलगी, आणि शेवटी रेल्वेखाली मरते ती मुलगी. कळवळा आहे, पण मरायचं कोणी हे आधीच ठरलेलं. त्याच १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना भाषणातला मजकूर बदला म्हटलं. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि भाषण स्वतः छापलं. आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, हे त्याच पुस्तकात आहे.

आता ‘धडक २’. मूळ ‘परियेरुम पेरुमाल’ २०१८ चा, मारी सेल्वराजचा, पा. रंजीतने काढलेला. दिग्दर्शकही आपला, निर्माताही आपला. हिंदीत शाझिया इक्बालने जात लपवली नाही. निलेश अहिरवार आडनावानिशी उभा राहतो, विद्यार्थी नेत्याचा मृत्यू पाहताना रोहित वेमुला आठवल्याशिवाय राहत नाही. याचं श्रेय द्यायलाच हवं, आणि आम्ही देतो. पण सेन्सॉर बोर्डाने सोळा ठिकाणी हात घातल्याच्या बातम्या आल्या. त्यात तीन हजार वर्षांच्या अनुशेषाचं एक वाक्य होतं, त्यातला आकडा काढून ‘सालों पुराना’ करायला लावलं. म्हणजे अन्याय होता हे मान्य, फक्त किती वर्षं ते मोजू नका. सावकाराच्या वहीतला आकडा मात्र कोणी असा पुसत नाही.

इथवर आम्ही सगळे एका बाजूला होतो. मग आमच्यातल्या सर्वात गप्प बसणाऱ्याने विचारलं, "आपल्या वस्तीत पारध्याची सून आणली कोणी? मातंगाला पोरगी दिली?" कोणी बोललं नाही. ‘फँड्री’तला जब्या कैकाडी आहे, त्याने भिरकावलेला दगड कॅमेऱ्याकडे येतो, आणि आपण समजतो की तो मागच्या रांगेतल्या पाटलाला लागला. जयंतीच्या डीजेवर आम्ही ‘झिंगाट’ वाजवलं. जातपंचायतीपुढे उभा राहिलेला परश्याचा बाप आम्हाला आठवलाही नाही. जात गाळून सिनेमा पाहायची सवय फक्त मुंबईच्या स्टुडिओला नाही.

हे विचारणाऱ्याला तो हक्क आहे. त्याने सात वर्षांपूर्वी मेहकरकडच्या एका मोठ्या घरच्या मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. दोन वर्षं ते सुरतेत राहिले. ‘धडक’च्या शेवटात नवरा आणि लेकरू मरतं, मुलगी जिवंत राहते, ‘सैराट’मध्ये दोघंही जातात, लेकरू उरतं. कोणता शेवट जास्त परिणामकारक, यावर आम्ही अर्धा तास वाद घालत होतो, तेव्हा तो ग्लासाकडे पाहत बसला होता.

निघताना त्याने सांगितलं की त्याच्या बायकोने ‘सैराट’ कधीच पूर्ण पाहिला नाही. भाऊ सामान घेऊन येतो, आर्ची आत चहा ठेवायला जाते, तिथे ती टीव्ही बंद करते. गेल्या महिन्यात तिच्या धाकट्या भावाचा पहिल्यांदा फोन आला. भाचीला पाहायला दिवाळीत येतो म्हणाला. तिने अजून हो किंवा नाही, काहीच कळवलेलं नाही.