माणगावचा पुतळा आणि मोंतोनेची सूर्यघडी

१/ रायगड जिल्ह्यातील माणगाव येथे एका तरुण सैनिकाचा पुतळा आहे. इटलीतील मोंतोने या गावी त्याच सैनिकाच्या नावाने एक सूर्यघडी उभी आहे. त्याची समाधी मात्र कुठेही नाही. हा थ्रेड नाईक यशवंत घाडगे यांच्याविषयी.

२/ त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे, शेतकरी कुटुंबात झाला. कोकणातील भातशेती पावसाच्या भरवशावरची; खाचरे लहान, पीक बहुधा एकच. घरातील एखाद्या मुलाने मुंबईच्या गिरणीत वा पलटणीत जावे, ही या भागाची जुनी रीत. यशवंत पलटणीत गेले: ५वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ३री बटालियन.

३/ सप्टेंबर १९३९मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारता भारताला युद्धात ओढले. ऑगस्ट १९४२मध्ये गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. याच काळात भारतीय सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात पोहोचली. भरती सक्तीची नव्हती. परंतु त्या ‘स्वेच्छे’त एकपिकी खाचरांचाही वाटा होता.

४/ जून १९४४मध्ये रोम दोस्तराष्ट्रांच्या हाती आले आणि जर्मन फौजा उत्तरेकडे हटू लागल्या. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात प्रत्येक टेकडीसाठी झुंज सुरू झाली. तेथे १०वी भारतीय डिव्हिजन लढत होती.

५/ १० जुलै १९४४. घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सारे ठार वा जखमी झाले. सोबतीला कोणी उरले नाही हे जाणूनही ते एकटे मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन निकामी केली, एकाला टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलण्यास अवधी नव्हता. तेव्हा नळी हातात धरून बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला.

६/ वय २२. त्यांना मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ जाहीर झाला. कासिनो येथील स्मारकावर, ज्यांची कबर ज्ञात नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांमध्ये त्यांचे नाव कोरलेले आहे.

७/ तीन वर्षांनी देश स्वतंत्र झाला. ज्या साम्राज्याविरुद्ध देश लढला, त्याच साम्राज्याच्या गणवेशात हा तरुण पडला होता. स्वातंत्र्यलढ्याच्या कथेत अशा सैनिकाला जागा सापडणे कठीण झाले. मात्र तो ज्यांच्याशी लढला त्या नाझी फौजा होत्या, हेही तितकेच खरे. यांतील एक सत्य सांगण्यासाठी दुसरे झाकण्याची गरज नाही.

८/ जुलै २०२३मध्ये मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतील लष्करी इतिहासकारांनी त्यांच्या नावे सूर्यघडीचे स्मारक उभारले. तिच्यावरील लॅटिन वचनाचा आशय असा: आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत.

९/ पदकाच्या मानपत्रात त्यांच्या आयुष्यातील काही मिनिटे आहेत. त्याआधीची बावीस वर्षे त्यात नाहीत, आणि ती आठवणे हे माणगावचेच काम. १० जुलै. कोकणात ते भातलावणीचे दिवस.