चपट्या डब्यातलं ग्राफिक्स कार्ड

तुळशीचं लग्न उरकलं की आमच्या घरी हार्डडिस्क यायला लागतात. दीर लग्नांचं शूटिंग करतो, एडिटिंग माझ्याकडे. श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, कधी वैजापूरपर्यंतची लग्नं बेलापुरातल्या आमच्या माडीवर, एका चपट्या काळ्या डब्यात येऊन पडतात. डबा म्हणजे डेलचा ऑप्टिप्लेक्स ९०२०. पुण्यातल्या कुठल्या तरी ऑफिसात त्याची उमेदीची वर्षं गेली, मग रिफर्बिश्ड होऊन आमच्याकडे आला. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, मागून घातलेली १६ जीबी रॅम आणि एसएसडी. नुसतं कापाकापीचं काम तो निमूट करायचा. पण क्लिपला रंग चढवला किंवा अक्षता पडतानाचा स्लो मोशन लावला, की प्रीमियर ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर लाल रेघ उमटायची. लाल रेघ म्हणजे आधी रेंडर करा, मग बघा. अंतरपाट खाली येतानाचा क्षणसुद्धा गचके खात दिसायचा.

"वहिनी, एक दणदणीत कार्ड टाकून देऊ," दीर म्हणाला. कुणीतरी मायनिंगला वापरलेलं कार्ड स्वस्तात देत होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम ह्या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि अशा कार्डांचा बाजारात पूर आला, त्यातलंच ते. मी आधी डब्याचं झाकण उघडलं आणि पॉवर सप्लायवरचं लेबल वाचलं. २५५ वॅट. दिराला हिशोब करून दाखवला: प्रोसेसर ८४ वॅट, मदरबोर्ड, डिस्क आणि पंखे मिळून चाळीसेक धरा. कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसवायचं, तो पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट स्वतः फार तर ७५ वॅट देतो. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला सप्लायमधून वेगळी वायर लागते, आणि ह्या सप्लायला ती वायरच नाही.

"मग सप्लाय बदलू की!"

इथेच तयार कंपनीच्या डब्याची खरी गोम आहे. बाजारातल्या साध्या सप्लायला मदरबोर्डसाठी २४ पिनांचा कनेक्टर असतो. ह्या मॉडेलला डेलने स्वतःचा ८ पिनांचा ठेवलाय. कन्व्हर्टर मिळतो, पण साध्या आकाराचा सप्लाय ह्या चपट्या पेटीत मावत नाही. उंचीचंही तेच. नेहमीचं कार्ड आत उभं राहत नाही, लो प्रोफाइल लागतं, म्हणजे जवळपास निम्म्या उंचीचं. थोडक्यात, खिशात पैसे कितीही असोत, पंच्याहत्तर वॅटच्या आत आणि अर्ध्या उंचीचं, ह्या दोन अटींत बसणारी कार्डं बोटांवर मोजण्याइतकी.

श्रीरामपूरच्या दुकानदाराने सगळ्यात आधी जीटी १०३० पुढे केलं. तीस वॅटचं, गरीब स्वभावाचं कार्ड. "ताई, डोळे झाकून न्या." पण त्यात एनकोडर नाही. तयार व्हिडिओ दाबून एच.२६४ मध्ये बसवणारं जे वेगळं सर्किट असतं, तेच कंपनीने ह्यातून वगळलंय. शिवाय एकाच नावाने दोन मेमऱ्यांची कार्डं विकली जातात, जीडीडीआर५ आणि डीडीआर४, आणि दुसरीचा वेग पहिलीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचा. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. मग त्याने आरएक्स ६४०० सुचवलं, हे नवं, २०२२ चं. त्यातही एनकोडर नाही. गेम खेळणाऱ्याला ह्याने काही फरक पडत नसेल. जिची रोजी-रोटी एक्स्पोर्टवर आहे तिने ते कशाला घ्यायचं?

उरली दोन, जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५०. पहिलं स्वस्त होतं. पण त्याची पास्कल पिढी एनव्हिडियाने नव्या ड्रायव्हरांतून २०२५ मध्ये बाहेर काढली. विंडोज ११ ह्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीनच्या दोन बाजू आधीच जुन्या झालेल्या, तिसरी मुद्दाम जुनी कशाला आणा? १६५० घ्यायचं ठरलं, तेही लो प्रोफाइल आणि जादा पॉवरचा कनेक्टर नसलेलं. काही १६५० कार्डांना ६ पिनांची वायर लागते, म्हणून विकणाऱ्याकडून कडेचा फोटो मागवला. सेकंड हँड कार्ड, तरी पैसे जवळजवळ अख्ख्या डब्याएवढे. फोनवर पत्ता सांगताना नेहमीचंच:

"बेलापूर म्हणजे सीबीडी ना?"

"नाही हो, नगरचं. श्रीरामपूरजवळचं."

त्यात आमच्या नावाचं रेल्वे स्टेशन श्रीरामपुरात आहे, हे सांगायला गेलं तर कुरिअरवाला चक्रावतो. पार्सल मात्र बिनबोभाट आलं.

कार्ड बसवण्याआधी डबा साफ केला. गळिताच्या दिवसांत शेतात पाचट पेटवतात, त्याची काळी राख वाऱ्याबरोबर माडीवर येते. प्रोसेसरच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये काळपट नमद्यासारखा थर बसला होता. दिराच्या कॅमेऱ्याचा ब्लोअर आणि ब्रश घेऊन तो काढला. कार्डाला उंच पट्टी लावलेली होती, सोबतच्या पुडीत बुटकी पट्टी आणि चिमुकले स्क्रू. उंच पट्टी काढून बुटकी लावायची, मग कार्ड स्लॉटवर सरळ धरून दोन्ही अंगठ्यांनी सारखं दाबायचं, खटका वाजेपर्यंत. कार्ड दोन स्लॉटची जागा खातं, त्यामुळे शेजारचा स्लॉट कायमचा गेला.

दिराने सवयीने मॉनिटरची निळी व्हीजीए केबल जुन्याच जागी खोचली. पडद्यावर लगेच सूचना आली, केबल कार्डाला लावा म्हणून. ह्या बाबतीत मशीन शहाणं निघालं. पण कार्डावर व्हीजीए नाहीच, आणि डीव्हीआय आहे ते निव्वळ डिजिटल. एचडीएमआयचा व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर आणावा लागला. नवा मॉनिटर सध्या लांबणीवर.

ड्रायव्हर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवला, प्रीमियरमध्ये प्लेबॅकची सेटिंग जीपीयूवर नेली, आणि लाल रेघ पिवळी झाली. पिवळी म्हणजे रेंडर नाही, पण बिनगचक्याचं चालेल. पूर्वी एक्स्पोर्ट रात्री लावून झोपायचे आणि लाइट न जावो म्हणायचे. आता जेवणं होईपर्यंत फाइल तयार असते. पंखा मात्र जोर लागला की घरघरतो. सासूबाई खालून विचारतात, मिक्सर कुणी लावलाय.

अडलंय ते दिराच्या नव्या कॅमेऱ्यापाशी. तो दहा बिट ४:२:२ मध्ये शूट करतो, आणि तसलं फुटेज उलगडणारं सर्किट एनव्हिडियाच्या कार्डांत थेट ५० मालिकेत आलं. १६५० त्याला हात लावत नाही, सगळा भार बिचाऱ्या आय-फाइव्हच्या चार कोअरवर, म्हणजे पुन्हा गचके. मी त्याला मेनूतून आठ बिट ४:२:० करायला सांगितलं.

"वहिनी, कलर मरतो ना."

"मग प्रॉक्सी तू बनव."

बरीच घासाघीस झाली. आता विधी आणि जेवणाच्या पंगती आठ बिटमध्ये येतात, प्री-वेडिंग दहा बिटमध्ये, आणि प्री-वेडिंगच्या प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या फाइली, तो स्वतः त्याच्या लॅपटॉपवर बनवून पाठवतो. नसल्या तर मी फोल्डर उघडत नाही.