गुणशेखरनवर हसताना

खलनायक आवडतो असं म्हणायला अवघड वाटतं. तरी चेन्नईच्या सन टीव्हीवर २०२२ साली सुरू झालेल्या ‘एदिर्नीच्चल’ या तमिळ मालिकेतला माझा आवडता माणूस आदि गुणशेखरनच. शिकलेल्या सुना घरात आणायच्या आणि त्यांना चुलीपाशी अडकवायचं, अशातला हा थोरला भाऊ. त्याची अरेरावी अभिनेते मारिमुत्तू अशा थाटात बोलत की हसू फुटे. या हसण्यावरच आक्षेप घेतला जातो: जुलूम विनोदी झाला की खपून जातो. आक्षेप खोटा नाही. त्याच्या संवादांचे मीम्स कौतुकानेही फिरले. पण आपण हसतो ते त्याच्या पोकळपणाला. ईश्वरी, नंदिनी, रेणुका, जननी या घरातल्या सुनांपुढे त्याला ओरडावं लागतं, कारण शांतपणे सांगण्याजोगं त्याच्याकडे काही नसतंच.

८ सप्टेंबर २०२३ रोजी चेन्नईत याच मालिकेचं डबिंग करताना मारिमुत्तूंना त्रास होऊ लागला आणि ते गेले. त्यांच्या जागी वेल राममूर्ती आले. दिग्दर्शक तिरुसेल्वम तेच, घर तेच. पण या गुणशेखरनची नुसती भीती वाटे. नट बदलला की पात्र बदलणारच, असं कुणी म्हणेल. मग सुनांचं बंडही फिकं का पडलं? मला वाटतं, त्यांच्या जिभेला धार यायची ती त्याच्या बढाईवर घासूनच. अर्थात तिरुसेल्वम यांच्याच ‘कोलंगळ’ मालिकेतला खलनायक आदि मुळीच हसवत नव्हता, तरी देवयानीने साकारलेली नायिका अभि ठसठशीत उरते. हे माझ्या तर्कात काही नीट बसत नाही.