मागे संसार, पुढे बर्फ

जानेवारीत टोरांटोहून कॅलगरीला गाडीने जातोय आणि मागे ट्रेलरही ओढतोय, असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. विमान परवडत नाही का? आणि डोकं ठिकाणावर आहे का? विमान परवडतं हो! पण विमानात बायकोचं शिलाई मशीन, वेट ग्राइंडर, दोन गाद्या आणि मराठी पुस्तकांची सहा खोकी मावत नाहीत. नव्या नोकरीची जॉइनिंग डेट होती २० जानेवारी. ती काही बर्फ वितळायची वाट बघणार नव्हती.

अंतर साधारण ३,४०० किलोमीटर. म्हणजे मुंबई-दिल्ली-मुंबई करायचं आणि वर गोव्याला जायचं. अमेरिकेतून जाणारा रस्ता जास्त सोयीचा आहे, पण आपल्या निळ्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा नसेल तर तो विषयच संपला. मग उरतो ट्रान्स-कॅनडा हायवे, लेक सुपीरियरच्या डोक्यावरून जाणारा. या भागात 'दुसरा रस्ता' ही भानगडच नाही. निपिगॉन गावाजवळ नदीवर एक पूल आहे. जानेवारी २०१६ मध्ये, नवा कोरा असताना, त्याचा एक भाग वर उचलला गेला. एका पुलापायी पूर्व आणि पश्चिम कॅनडामधली रस्त्याची वाहतूक अडली! ते वाचल्यावर मी प्लॅनिंगची वही उघडली, कारण मागच्या सीटवर आमची चार वर्षांची मुलगी असणार होती.

सगळ्यात आधी वजन. साखर कारखान्यांच्या सीझनमध्ये सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकला असाल, तर मागची ट्रॉली शेपटीसारखी कशी वळवळते ते तुम्ही पाहिलं असेल. आता तीच वळवळ बर्फावर इमॅजिन करा. आमचे शेजारी पाजी पूर्वी ट्रक चालवायचे. ते रिकाम्या ट्रेलरमध्ये उभे राहून म्हणाले, "बेटा, तू सामान भरू नकोस, वजन भर." फंडा सोपा आहे. साधारण ६० टक्के वजन ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्या भागात हवं आणि एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीच्या हिचवर यायला हवा. मागे जड झालं की ट्रेलर झुलायला लागतो. मग आम्ही बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणला आणि प्रत्येक खोक्यावर मार्करने किलो लिहिले. पुस्तकं आणि ग्राइंडर पुढे तळाशी, गाद्या आणि उशा मागे. आमचा ट्रेलर भाड्याचा, ५ बाय ८ फुटी. रिकामाच चारशे किलोंचा! त्यामुळे गाडीच्या मॅन्युअलमधली ओढायची मर्यादा पाहून सोफा तिथेच विकून टाकला. बायको अजून त्या सोफ्याची आठवण काढते.

ट्रेलर झुलायला लागलाच तर ब्रेक मारायचा नाही. पाय अॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. हे कळायला सोपं आहे, पण पाय ऐकत नाही. म्हणून निघण्याआधी दोन रविवार एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये वळणं, रिव्हर्स आणि लांबून हळू थांबणं एवढंच केलं. रिव्हर्स घेताना ट्रेलर स्टिअरिंगच्या उलट दिशेला जातो. या एका वाक्यावर जगात किती संसार डळमळले असतील!

टायरचं म्हणाल तर, ओंटॅरियोत विंटर टायरची सक्ती नाही, पण मला त्यात चर्चा करण्यासारखं काही वाटत नाही. तीन शिखरं आणि बर्फाच्या फुलाचं चिन्ह असलेले चारही टायर घ्या, विषय संपला. हवेचं मात्र लक्षात ठेवा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो. म्हणजे १० अंशांच्या गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे ३० मध्ये सातेक पीएसआयने उतरलेली असते. त्यामुळे रोज सकाळी गाडी थंड असतानाच गेज लावायचा, ट्रेलरच्या टायरलासुद्धा. लाइटच्या प्लगमध्येही मीठ आणि बर्फ जाऊन बसतं, तोही रोज पुसायचा.

फावडं, वाळू, जंपर केबल, ब्लँकेटं आणि उणे ४० चं वॉशर फ्लुइड गाडीच्या डिकीत हवं, ट्रेलरच्या पोटात नाही. काचेच्या बरण्या, औषधं आणि तुळशीची कुंडीही आमच्यासोबत गाडीतच. खोबरेल ट्रेलरमध्ये टाकलं, ते तर टोरांटोतही दगडच असतं.

पण खरी तयारी कॅलेंडरवर झाली. भाड्याच्या ट्रेलरला ताशी ८८ किलोमीटरची मर्यादा, जानेवारीतला उजेड जेमतेम नऊ तास, आणि संध्याकाळी रस्त्यावर मूस येण्याची धास्ती. म्हणून दिवसाला पाचशेच्या आसपासच किलोमीटर आणि अंधार पडायच्या आत मोटेल. सात दिवस ड्रायव्हिंगचे आणि वर तीन राखीव. त्या तीन दिवसांवरून आमचं भांडण झालं. बायको म्हणाली, "तीन मोटेलचे पैसे नुसत्या भीतीपायी?" मी म्हटलं, राखीव दिवस नसला तर आपण बंद होत आलेल्या रस्त्यावरही जाऊ, आणि जाऊ हे मला पक्कं माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी वावाला पोचलो. हे गाव त्याच्या अवाढव्य हंसाच्या पुतळ्यासाठी फेमस आहे. आम्हाला गाठायचं होतं पुढचं मॅरेथॉन (हो, गावाचं नाव आहे). पेट्रोल पंपावर कळलं की सरोवरावरून बर्फाचं वादळ आलंय आणि हायवेचं फाटक पाडलंय. काही गाड्या इंजिन चालू ठेवून फाटक उघडायची वाट बघत होत्या. एकजण मोबाइल उंच धरून रेंज शोधत फिरत होता, त्याला दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर हजर व्हायचं होतं. आमच्या वहीत मात्र त्या दिवसाला जागा होती. बायको मुलीला घेऊन मोटेलच्या काउंटरवर गेली आणि मला न विचारता दोन रात्रींचं बुकिंग करून आली.

१७ तारखेच्या दुपारी कॅलगरी. रात्रभर गारठलेला टीव्ही घरात आणून लगेच लावायचा नसतो, आत पाणी धरतं. तो दिवसभर तसाच ठेवला. मुलगी त्याच्यासमोर ब्लँकेट घेऊन बसून राहिली होती.