नव्वदातले त्रेपन्न

गावसकर मोठा की तेंडुलकर, यावरून तुमच्या घरी कधी भांडण झालंय? आमच्या साताऱ्याच्या घरी व्हायचं. जेवणाच्या पानावर बसून व्हायचं, आणि आमटी गार झाली तरी संपायचं नाही. माझे काका गावसकरवाले. हेल्मेट न घालता वेस्ट इंडीजच्या तोफखान्यापुढे उभं राहून दाखवा, मग बोला, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाऊ तेंडुलकरवाला. तो आकडे फेकायचा. शेवटी आजी दोघांच्या पानात भात वाढून तोंडं बंद करायची.

मला वाटलं होतं, देश बदलला की हे भांडण सुटेल. कसलं सुटतंय! लग्नानंतर मी आले ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ग्रीन बे नावाच्या गावात. गावच म्हणायचं, कारण वस्ती जेमतेम लाखभर. पण या लाखभर वस्तीच्या गावात ऐंशी हजारांवर माणसं बसतील असं स्टेडियम आहे, लॅम्बो फील्ड. तिथे खेळतो ग्रीन बे पॅकर्स हा संघ. 1919 साली सुरू झालेला. अमेरिकेतले बाकीचे मोठे संघ कुणा ना कुणा कोट्यधीशाच्या मालकीचे असतात, हा मात्र लोकांचा. पाच लाखांहून जास्त लोकांकडे त्याचे शेअर आहेत. त्यावर एक पैसाही मिळत नाही, शेअर विकताही येत नाही, तरी लोक ते फ्रेम करून भिंतीवर लावतात. आमच्या शेजारच्या आजोबांकडे तर तो कागद लग्नाच्या फोटोच्या वर आहे. (आजीबाईंचं त्यावर काय मत आहे, ते मी विचारलेलं नाही.)

आता हा अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, बरं का. लांबट चेंडू, हाताने फेकायचा, कवेत घेऊन पळायचं, आणि समोरच्याने तुम्हाला आडवं पाडायचं. एका वेळी अकराविरुद्ध अकरा. या अकरांत जो कप्तानासारखा असतो तो क्वार्टरबॅक. दर डावाला चेंडू आधी त्याच्या हातात येतो. मग त्याला साधारण तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याने बघायचं की आपला कुठला गडी मोकळा आहे, प्रतिपक्षाने कुठे सापळा लावलाय, आणि सव्वाशे-दीडशे किलोचे पहिलवान अंगावर धावून येत असताना चेंडू नेमका फेकायचा. तीन सेकंद म्हणजे किती? तुम्ही ‘क्वार्टरबॅक’ हा शब्द सावकाश दोनदा म्हणा. संपले.

म्हणूनच इथे वाद होतो तो क्वार्टरबॅकवरून. आमच्या शेजारी तर तीन पिढ्यांचे तीन पक्ष आहेत. आजोबांना खरं म्हणजे इथले लोक नावानेच हाक मारतात, पण आमच्या चिरंजिवांनी लहानपणी त्यांना ‘आजोबा’ म्हटलं आणि तो शब्द त्यांना एवढा आवडला की आता सगळी गल्ली त्यांना आजोबाच म्हणते.

आजोबांचा देव बार्ट स्टार. 31 डिसेंबर 1967 ला तेरा वर्षांचे आजोबा वडिलांबरोबर लॅम्बो फील्डच्या बाकावर बसले होते. त्या दिवशी तापमान होतं उणे 25 अंश सेल्सियस. मैदान गरम ठेवायला जमिनीखाली तारा बसवल्या होत्या, त्या बंद पडल्या आणि गवताची काच झाली. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटल्या, म्हणून पुढचा सामना शिट्टीविनाच झाला. समोर डॅलस काउबॉइज. सोळा सेकंद उरलेले, पॅकर्स तीन गुणांनी मागे, रेघ जेमतेम दोन फुटांवर. स्टारने चेंडू कुणालाच दिला नाही. बर्फावरून पाय निसटतील म्हणून स्वतःच पोटाशी धरून रेघेपलीकडे घुसला. 21-17. “आणि तेव्हा काय खेळायचं ते क्वार्टरबॅकच ठरवायचा,” आजोबा बोट उगारून सांगतात. “आजच्यासारखं हेल्मेटमध्ये प्रशिक्षक बोलत नव्हता!” हे मात्र खरं. 1994 पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये छोटा रेडिओ असतो आणि प्रशिक्षक त्याला डाव सांगतो.

आजोबांच्या मुलीचा, म्हणजे आमच्या घरातल्या ‘मावशी’चा देव ब्रेट फार्व्ह. 1992 च्या सप्टेंबरात पहिला क्वार्टरबॅक जायबंदी झाला म्हणून हा पोरगा मैदानात उतरला. तेरा सेकंद उरले असताना त्याने लांबलचक फेक करून सामना जिंकून दिला. मावशी तेव्हा बारा वर्षांची होती. त्यानंतर फार्व्ह जवळजवळ अठरा वर्षं एकही सामना चुकला नाही. सलग 297 सामने! बोट मोडलं तरी खेळला, वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशीही खेळला. आजोबा यावर एकच आकडा सांगतात: 336. फार्व्हने कारकिर्दीत इतक्या वेळा चेंडू सरळ प्रतिपक्षाच्या हातात फेकला, आणि तोही विक्रमच आहे.

चिरंजीव अर्थातच ॲरन रॉजर्सवाले. चार वेळा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, आणि चेंडू असा फेकायचा की जणू खिडकीतून पत्र टाकलं.

हा वाद तुम्हाला गमतीचा वाटेल. पण 2008 च्या उन्हाळ्यात गंमत राहिली नव्हती. फार्व्हने मार्चमध्ये निवृत्ती जाहीर केली आणि जुलैत म्हणाला, मला परत खेळायचंय. तोवर संघाने रॉजर्सला जागा दिली होती. तो बिचारा तीन वर्षं बाकावर बसून वाट बघत होता. सराव शिबिरात काही लोक रॉजर्सला तोंडावर नावं ठेवू लागले. शेवटी संघाने फार्व्हला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवलं. मावशी संघाच्या विरुद्ध, आजोबा फार्व्हच्या विरुद्ध, आणि एका घरात राहून दोघं दोन महिने फक्त ‘मीठ दे’ आणि ‘दार लाव’ एवढंच बोलत होते, असं आजीबाई सांगतात. पुढच्या वर्षी फार्व्ह कट्टर शत्रू व्हायकिंग्जचा वेश घालून लॅम्बो फील्डवर आला, तेव्हा आख्ख्या स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली. मावशीनेसुद्धा. आणि घरी येऊन रडली.

हे कसं मिटलं, ते मी स्वतः पाहिलंय. 26 नोव्हेंबर 2015. पावसाळी, गारठलेली रात्र. सामन्याच्या मध्यंतरात फार्व्हच्या क्रमांकाचा सन्मान व्हायचा होता. बार्ट स्टार तेव्हा 81 वर्षांचे. वर्षभरापूर्वी त्यांना अर्धांगाचे झटके येऊन गेलेले. तरी ते आले. छोट्या गाडीतून मैदानात आणलं त्यांना. फार्व्ह वाकून त्यांना भेटला. रॉजर्सही आला. तीन पिढ्यांचे तीन क्वार्टरबॅक एकाच मैदानावर. आजोबांनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला होता. मला काही विचारू नका, माझ्या चष्म्यावर पाऊस होता.

असो. मला खरं सांगायचंय ते सराव शिबिराबद्दल. दर वर्षी जुलैच्या अखेरीस ते सुरू होतं आणि त्याची एक रीत जगात दुसरीकडे नसेल. गावातली पोरं आपापल्या सायकली घेऊन स्टेडियमच्या दारात रांग लावतात. कपडे बदलून खेळाडू बाहेर येतात, कुणातरी पोराची सायकल मागतात आणि तिच्यावरून रस्त्यापलीकडच्या सरावाच्या मैदानावर जातात. पोरगं त्याचं हेल्मेट धरून शेजारून धावतं. व्हिन्स लोम्बार्डी प्रशिक्षक होते तेव्हापासूनची ही पद्धत. सव्वाशे किलोचा गडी गुलाबी सायकलवर, गुडघे कानाला लागलेले! सायकलीची चाकं काय म्हणत असतील कोण जाणे.

2025 च्या शिबिरात आमच्या चिरंजिवांची सायकल एका नवख्या मुलाने घेतली. चेंडू झेलणारा गडी. त्याचं नाव मी सांगणार नाही. दर वर्षी एप्रिलमध्ये सगळे 32 संघ कॉलेजांतली मुलं पाळीपाळीने निवडतात. त्या वर्षी तर हा निवडीचा सोहळा आमच्या ग्रीन बेमध्येच झाला. अडीचशेच्या वर मुलं निवडली गेली, त्यांत याचं नाव नव्हतं. कॉलेजही असं की आजोबांनासुद्धा नकाशात शोधावं लागलं. तरी संघाने त्याला शिबिराला बोलावलं, कारण शिबिरात नव्वद जण लागतात. आणि ऑगस्टच्या शेवटी त्यांतले फक्त त्रेपन्न ठेवायचे असतात. काही जणांना सरावाच्या तुकडीत घेतात, बाकीच्यांनी घरी जायचं.

त्या मुलाने चिरंजिवांचं नाव विचारलं, ते नीट उच्चारलं आणि दुसऱ्या दिवशी लक्षात ठेवून हाक मारली. झालं! चिरंजिवांनी हेल्मेट असं धरलं होतं जसा आपण लग्नात कलश धरतो. त्या संध्याकाळी वहीत त्रेपन्न नावं लिहिली, त्यांत हे नाव ठळक.

आजोबांनीही त्यांची त्रेपन्न लिहिली. पैज अशी की ज्याचे अंदाज जास्त चुकतील त्याने सप्टेंबरभर दोन्ही घरांचं गवत कापायचं. आजोबांच्या यादीत तो मुलगा नव्हता.

“का पण? त्याने काल तीन अवघड झेल घेतले!” चिरंजीव चिडले.

“झेल सगळेच घेतात रे. पहिले चार झेलणारे ठरलेलेच आहेत. पाचवा-सहावा ठेवतात तो झेलांसाठी नाही. चेंडू लाथेने उडवल्यावर धावत जाऊन समोरच्याला कोण पाडतो, ते बघ उद्या.”

दुसऱ्या दिवशी चिरंजिवांनी चेंडूकडे बघायचंच सोडलं आणि त्या एकाच मुलाकडे बघितलं. घरी येऊन काही बोलले नाहीत. पण वहीतलं नाव खोडलंही नाही.

मावशीचं म्हणणं वेगळंच. ती म्हणे, अंदाज कशाला बांधता? मोठमोठे पारखी चुकतात. 1956 साली बार्ट स्टारला दोनशेव्या क्रमांकावर घेतलं होतं. 2000 साली टॉम ब्रेडीला 199 व्या. पुढे याच ब्रेडीने सात वेळा सुपर बोल जिंकली. उलट 1998 मध्ये पेटन मॅनिंग आणि रायन लीफ या दोघांत कुणाला आधी घ्यावं यावर तज्ज्ञ महिनोन् महिने भांडले. मॅनिंग पाच वेळा सर्वोत्तम ठरला आणि लीफची कारकीर्द चार वर्षांत आटोपली. मला मावशीचं पटतं. पण एक सांगते, ज्या दोनशेव्या मुलांचं काहीच झालं नाही त्यांची नावं आपण घेत नाही, आणि ती कितीतरी जास्त आहेत.

26 ऑगस्टला याद्या लागल्या. खेळाडूंमध्ये म्हणे अशी भाषा आहे की त्या दिवशी ‘टर्क’ येतो. म्हणजे ऑफिसमधला एक माणूस, जो दारात उभा राहून सांगतो, प्रशिक्षकांनी बोलावलंय. ज्याला बोलावणं येतं, त्याने ओळखायचं. चिरंजीव शाळेतून येईपर्यंत दिवसभर यादी हळूहळू कळत होती. तो मुलगा तीत नव्हता. सरावाच्या तुकडीतही नव्हता.

चिरंजीव बाहेर पायरीवर जाऊन बसले. बारा वर्षांचा मुलगा, रडायला लाज वाटते आणि न रडता राहवत नाही, असं ते वय. आजोबा त्यांच्या 49 बरोबर नावांचा कागद घेऊन येत होते, तो त्यांनी मला लांबूनच दाखवला आणि खिशात घातला. मग पायरीवर शेजारी बसले.

“आता तो काय करणार?” चिरंजिवांनी विचारलं.

“1994 साली इथल्याच शिबिरातून कर्ट वॉर्नर नावाच्या क्वार्टरबॅकला काढलं होतं,” आजोबा म्हणाले. “त्याच्या पुढे फार्व्ह आणि आणखी दोघं. तो आयोवाला जाऊन किराणा दुकानात रात्रपाळीला डबे रचायला लागला. तासाला साडेपाच डॉलर. मग बंदिस्त हॉलमधल्या छोट्या फुटबॉलमध्ये खेळला. 1999 मध्ये सेंट लुईसच्या रॅम्स संघाचा क्वार्टरबॅक सरावाच्या सामन्यात जायबंदी झाला, म्हणून याला उभं केलं. त्याच वर्षी हा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि जानेवारी 2000 मध्ये सुपर बोलही जिंकला.”

“तुम्ही पाहिलंत त्याला? 1994 च्या शिबिरात?”

आजोबा बराच वेळ गप्प राहिले. “मी तेव्हा रोज जायचो,” ते म्हणाले. “पण तो मला अजिबात आठवत नाही.”

सप्टेंबरभर चिरंजिवांनी दोन्ही घरांचं गवत कापलं. पैज म्हणजे पैज. एका शनिवारी मात्र यंत्र अर्ध्या अंगणातच बंद करून धावत आत आले. त्या मुलाला दुसऱ्या एका संघाने सरावाच्या तुकडीत घेतलं होतं. आजोबांनी कुंपणावरूनच विचारलं, “तिथे चेंडू फेकणारा कोण आहे?” चिरंजिवांनी नाव सांगितलं.

“तो?” मावशी खिडकीतून ओरडली. “फार्व्हच्या पासंगाला तरी पुरेल का तो!”

उरलेलं गवत रविवारी कापलं गेलं.