सही
मराठवाड्यातल्या कित्येक घरांप्रमाणे आमच्याकडेही वडिलांचे ‘हैदराबाद बँके’चे पासबुक जपून ठेवलेले आहे. निजामाच्या संस्थानात १९४१ साली स्थापन झालेली ती बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. आईचे खाते दुसऱ्या एका बँकेत. त्या बँकेची गारखेड्यातली शाखा गेल्या वर्षी उठली. चौथी शिकलेली आई दरमहा तिथे चालत जाई आणि पैसे काढण्याच्या स्लिपवर सावकाश, पूर्ण नावाने सही करी. एरवी तिला लिहावे लागतच नसे. आता भाजीच्या गाडीवरचा क्यूआर कोड तिच्या फोनवर मीच टिपतो. पिनही मलाच ठाऊक. (हिशेब मात्र तिला तोंडपाठ असतो.) परवा तिने विचारले, “माझी सही आता कुठंच लागत नाही का रे?”